माझं झाकण लागेना

मित्रांनो, तुम्ही कधी सलग चार महिने तोंड उघडं ठेवून बसला आहात? नसाल, तर माझ्या वैतागाची तुम्हांला कल्पना यायची नाही. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. डब्याला कामं तरी किती? दोनच. आत ठेवलेलं सांभाळायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. यातलं दुसरं काम माणसांनी मला चार महिने करू दिलं नाही. आणि पहिलं काम मी इतकं चोख केलं, की त्यापायी एका भल्या माणसाचा जीव टांगणीला लागला. बोलता बोलता कुठे थोडं वाढवून सांगितलं, तर चालवून घ्या. वय झालं की पत्रा जरा जास्त वाजतो. पण गोळ्यांचा विषय निघाला की मी थट्टा करणार नाही. तिथे थट्टा करण्यासारखं माणसांनी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

माझा जन्म बिस्किटांच्या कारखान्यातला. ज्या यंत्राने मला ठोकून चौकोनी केलं, त्याचा आवाज एवढा होता की कारखान्यातली मांजरं एकमेकींशी खुणांनी बोलत. माझ्या झाकणावर छत्री घेतलेल्या एका बाईचं चित्र होतं. ती इतकी हुबेहूब होती की पाऊस आला की दुकानदार मला आत घेत आणि बाकीचे डबे बाहेर भिजू देत. आज त्या चित्रातली बाई अंगठ्यांनी घासून पुसली गेली आहे. छत्री तेवढी उरली आहे.

एका घड्याळजींच्या लग्नात कुणीतरी बिस्किटं भरून मला भेट दिलं. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बिस्किटं आठवडाभरात संपली. नव्या नवरीने मला धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हा दुकानात न्या. तुमचे ते बारीक स्क्रू घरभर पायांत रुततात."

अशी माझी नेमणूक झाली. दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाइकाला शिंक आली तर ती त्याला रस्त्यावर जाऊन द्यावी लागे. एका बाजूच्या भिंतीवर घड्याळं, दुसऱ्या बाजूची भिंत शेजारच्या चष्मेवाल्याच्या दुकानाशी सामाईक. मध्ये एक मेज, मेजावर दिवा, आणि दिव्याखाली मी. माझ्या पोटात चोवीस गोल डब्या होत्या, काचेच्या झाकणाच्या, लाडवाएवढ्या. त्यांत घड्याळजी स्क्रू ठेवत. आणि इथे, मित्रांनो, नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा घोळ या एका सवयीतून झाला.

घड्याळजी कुठल्याच डबीला चिठ्ठी लावत नसत. ते मापाने लावत. एका मापाचे स्क्रू एका डबीत, मग ते हातातल्या घड्याळातून निघालेले असोत नाहीतर गजराच्या. "स्क्रूच्या कपाळावर नाव नसतं," ते म्हणत. "माप ओळखता आलं की पुरे." आणि त्यांना ते येत होतं. डोळ्याला भिंग न लावता, नुसत्या बोटांच्या चिमटीत धरून ते सांगत, हा सातव्या डबीतला. चाळीस वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. एकदा एक स्प्रिंग उडाली, खिडकीतून बाहेर गेली, चौकाला तीन फेऱ्या मारून परत आली आणि बरोबर अकराव्या डबीत पडली. तिलाही आपली जागा ठाऊक होती.

त्यांचं आणखी एक लाडकं वाक्य होतं. गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन आलं की ते उघडत, आणि चिमट्यात धुळीच्या कणाएवढा एक स्क्रू धरून दाखवत. "तुमचं घड्याळ या महाशयांनी थांबवलंय. मोठी चाकं नुसती मिरवतात." हे वाक्य मी किमान नऊ हजार वेळा ऐकलं. पुढे जेव्हा खरोखर गरज होती, तेव्हा ते आठवायला या घरात मी एकटाच होतो, आणि मला बोलता येत नाही.

दिवस गेले. बायको गेली. मुलगा मोठा होऊन शाळेची बस चालवू लागला. टपाल कार्यालयात पत्रांची छाननी करणारी सून घरात आली. घड्याळजी सत्तरीला पोचले. आणि एका सकाळी त्यांच्या चिमटीतून स्क्रू पडला.

पहिल्या दिवशी त्यांनी चिमट्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशी दिव्याला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळली आणि स्वतःशीच म्हणाले, "मुंग्या येतायत." चौथ्या दिवशी त्यांनी सातव्या डबीतला स्क्रू नवव्या डबीत टाकला. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं. आवाज वेगळा आला.

सून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. दोन गोष्टी कमी निघाल्या आणि बाईंनी दोनच गोष्टी लिहून दिल्या. एक बारीक लाल गोळी, बी-ट्वेल्वची, रोज एक. ही बोटांच्या मुंग्यांसाठी. दुसरी मऊ पिवळी कॅप्सूल, डी व्हिटॅमिनची, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. "संपलं की या, पुन्हा रक्त बघू," बाई म्हणाल्या. एवढं सोपं होतं. एवढं सोपं असलं की माणसांना चैन पडत नाही.

घड्याळजींनी दुकानातले स्क्रू एका काचेच्या बरणीत ओतले, मला रिकामं केलं आणि औषधांसाठी घरी आणलं. माझा अपमान झाला, पण मी बोललो नाही. घरी येऊन त्यांनी काय केलं असेल? बाटल्यांमधून गोळ्या काढल्या, पाकिटं फोडली, आणि मापाने लावल्या. लाल गोळ्या सगळ्यांत बारीक, म्हणून चोविसाव्या डबीत. पिवळ्या कॅप्सूल तिसऱ्या डबीत. पाकिटं, बाटल्या, कागद सगळं केराच्या टोपलीत. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय होणार?

दुसऱ्याच दिवशी छोटी आली. छोटी म्हणजे घड्याळजींची धाकटी बहीण. वय अडुसष्ट, पण घरात तिला अजून छोटीच म्हणतात. ती रोज बागेत फिरायला जाते आणि येताना चालण्यापेक्षा सल्लेच जास्त घेऊन येते.

"दादा, तुला ताकद नाही राहिली," ती म्हणाली. "हे घे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. रोज एक. आमच्या बागेतल्या बाईंचे गुडघे यांनीच वळायला लागले."

"माझे गुडघे वळतात की."

"मग आणखी वळतील. नाही म्हणू नकोस, एवढ्या आणल्यात."

नाही म्हणणं घड्याळजींना कधी जमलंच नाही. बहिणीसमोर तर मुळीच नाही. त्यांनी कॅप्सूल हातात घेतल्या. पिवळ्या, मऊ, अगदी तेवढ्याच. मापात कणाचाही फरक नव्हता. त्या तिसऱ्या डबीत गेल्या. आठवड्याची आणि रोजची, दोन्ही एका खोलीत नांदू लागल्या, आणि दारावर पाटी नाही. घड्याळजींनी बहिणीचं ऐकलं. तिसऱ्या डबीतून रोज एक.

मी त्या क्षणी खडखडलो. सगळ्यांना वाटलं, खिडकीतून वारा आला.

मग बाटल्यांना दारच उघडलं. मुलाने त्याच्या बसमधल्या कुणा शिक्षकाने सांगितलेली हाडांची पावडर आणली. सुनेने सगळं एकात असलेली मोठी गोळी आणली. ती इतकी मोठी होती की गिळण्याआधी घरच्यांचा निरोप घ्यावा. छोटीने उन्हासारखी पिवळी बाटली आणली, मग केसांसाठी एक, मग झोपेसाठी एक, आणि "नुसतं बरं वाटायला" एक. त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात तेच डी व्हिटॅमिन वेगवेगळे कपडे घालून बसलं होतं. हे वाचायला कुणी उरलं नव्हतं, कारण वाचायचे कागद केराच्या टोपलीत होते.

आणि तिसरी डबी रिकामी झाली की काय व्हायचं, तेही ऐका. घड्याळजी मुलाला म्हणायचे, "पिवळ्या संपत आल्या रे." मुलगा बस आगाराजवळच्या औषधांच्या दुकानात डॉक्टरीणबाईंची जुनी चिठ्ठी दाखवून आणायचा. दोन दिवसांनी सून विचारायची, "बाबा, काही आणायचंय?" घड्याळजी म्हणायचे, "पिवळ्या बघ." ती टपाल कार्यालयाजवळच्या दुकानातून, फोनवर काढलेला त्याच चिठ्ठीचा फोटो दाखवून आणायची. दोन्ही दुकानदारांना वाटायचं, आजोबांच्या कॅप्सूल फक्त आपल्याच दुकानातून जातायत. आठ कॅप्सूलचं काम चार महिने चाललं, आणि रोज चाललं.

माझं झाकण लागेनासं झालं ते तेव्हा. आधी त्यांनी ते दाबलं. मग ठोकलं. मग एका रबराने बांधलं. मग रबर तुटलं आणि मोठ्या बाटल्या माझ्या तोंडातून बाहेर डोकावत बसल्या. चोविसावी डबी, लाल गोळ्यांची, तळाशी गेली. पहिल्या आठवड्यात घड्याळजी ती काढून घ्यायचे. मग एकदा त्यांनी लाल गोळी चिमटीत धरली, मोठ्या गोळ्यांशेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशीने काय होणार आहे." तो अखेरचा दिवस. तिच्यावर हाडांची पावडर येऊन बसली.

मित्रांनो, नऊ हजार वेळा. नऊ हजार वेळा या माणसाने चिमट्यात धुळीएवढा स्क्रू धरून लोकांना ऐकवलं होतं. मला जर हात असते तर मी ते स्वतःच्याच झाकणावर आपटले असते.

बोटांच्या मुंग्या वाढल्या. वर नव्या तक्रारी आल्या. भूक गेली. पोट साफ होईना. तहान अशी लागे की एक घागर संपवून दुसरीकडे बघत. दुपारी खुर्चीत बसले की उठावंसं वाटत नसे. आणि प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर ठरलेलं. "अशक्तपणा आहे." अशक्तपणा म्हटलं की नवी बाटली. नवी बाटली आली की आणखी अशक्तपणा. मी दोन्ही टोकं बघत होतो. गाडी घाटातून खाली निघाली आहे आणि आतले सगळे मिळून तिला मागून ढकलतायत, असं ते दृश्य.

एका दुपारी चष्मेवाला घरी आला. त्याला बऱ्याच दिवसांपासून मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. घड्याळजींनी पाण्याचा पेला संपवला आणि म्हणाले, "घे. बोटांना स्क्रू कळत नाही, तर दुकान कशाला ठेवू? पुढच्या महिन्याच्या एक तारखेला चावी देतो."

चष्मेवाला इतका गडबडला की त्याने चष्मा काढून पुसला. त्यात काचच नव्हती, नमुन्याचा होता. "काका, मी आपला विचारायला आलो होतो."

"विचारलंस. मी सांगितलं."

मुलगा दारात उभा होता. त्याने बाजूला होऊन चष्मेवाल्याला वाट दिली. माझ्या तळाशी असलेली चोविसावी डबी त्या दिवशी फार जड वाटली.

घरात भिंतीवर लंबकाचं एक घड्याळ होतं. एकदा चावी दिली की आठ दिवस चालायचं. घड्याळजी दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याला चावी देत. बायको गेली त्या आठवड्यातही दिली होती. त्या रविवारी ते विसरले. सोमवारी दुपारी घड्याळ थांबलं. घड्याळजी त्याच्यासमोरच खुर्चीत बसले होते, आणि त्यांना ते कळलं नाही. संध्याकाळी सून कामावरून आली, पिशवी ठेवली, आणि जागच्या जागी थबकली.

"बाबा, घड्याळ बंद आहे."

"हो का?" घड्याळजी म्हणाले. "आज वार कुठला?"

त्यांनी हे तिला दोनदा विचारलं.

तिने नवऱ्याला बोलावलं, छोटीआत्यांना फोन केला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला मधोमध ठेवून सभा भरवली. अशी सभा मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी एका डब्यांच्या परिषदेत अध्यक्ष होतो, तेही सांगून ठेवतो.

"अजून एक सुरू करू," मुलगा म्हणाला. "डोक्यासाठी एक मिळते म्हणे."

"एकही नवी नको," सून म्हणाली. "आधी चाललंय काय ते बघू. मी म्हणते, सगळंच बंद करू."

"बंद?" छोटी म्हणाली. "अगं, व्हिटॅमिन आहे ते, विष नाही. जास्त झालं तर शरीर आपसूक टाकून देतं. आमच्या बागेत सगळ्या घेतात."

"बागेतल्या सगळ्यांचं रक्त कुणी तपासलं, आत्या?"

"बागेत सुया घेऊन कोण येतं?"

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे मी माझ्या भावाला वाईट देते, असं म्हणायचंय का तुला?"

"असं कोण म्हणालं?"

"तोंडाने नाही म्हणालीस."

घड्याळजी पाणी पीत होते. सुनेने माझ्यात हात घातला, बाटल्या बाजूला केल्या आणि तिसरी डबी काढली. "ही कसली?"

"पिवळी," घड्याळजी म्हणाले.

"ते दिसतंय. नाव काय? कधी घ्यायची?"

"मापाने लावल्यात सगळ्या."

मित्रांनो, ही बाई रोज हजारो पत्रं हातांखालून घालवते. पत्ता खोडलेला असेल, पाण्याने फुटलेला असेल, तरी शोधून काढते. तिने एक डबी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. कुठेच नाव नाही, तारीख नाही, किती घ्यायची ते नाही. ती खुर्चीवर बसली.

"बाबा, पत्ता नसलेलं पाकीट आम्ही शेजारच्या गल्लीतसुद्धा पाठवत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते गिळताय."

छोटीने पदराने उगाच टेबल पुसलं.

"घ्यायच्या का बंद करायच्या, ते आपण चौघांनी इथे बसून ठरवायचं नाही," सून म्हणाली. "हा अख्खा डबा घ्या आणि चला."

आणि असा मी दवाखान्यात गेलो. मुलाने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, उघडा, बाटल्या डोकावत. रस्त्यात लोक बघत होते. मी चित्रातली छत्री तोंडावर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे दुकान कुणाचं?"

त्यांनी टेबलावर कोरा कागद पसरला आणि एकेक डबी उघडून गोळ्या मांडायला सुरुवात केली. काही त्यांनी ओळखल्या. काहींसाठी छोटीला विचारलं. छोटीने हातातल्या पिशवीतून बाटल्या काढून दिल्या, आधी दोन, मग आणखी तीन. बाई बाटलीवरचं बारीक वाचत गेल्या आणि कागदावर एकच अक्षर लिहीत गेल्या. डी. पावडरीत डी. मोठ्या गोळीत डी. उन्हाच्या बाटलीत डी. मग तिसरी डबी आली. बाईंनी पिवळ्या कॅप्सूल बोटाने वेगळ्या केल्या, दिव्यासमोर धरल्या.

"यातल्या निम्म्या मी दिलेल्या आहेत. आठवड्याला एक सांगितलं होतं. तुम्ही कशा घेत होता?"

"रोज," घड्याळजी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी पेनं खूप पाहिली आहेत. इतक्या हळू ठेवलेलं पेन पाहिलं नव्हतं.

"जास्तीचं शरीर टाकून देतं ना, बाई?" छोटीने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"काही व्हिटॅमिनं बरीचशी टाकून देतं. हे नाही. हे अंगात साठत जातं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. तहान, पोट, भूक, ही सुस्ती, वार विसरणं, सगळं त्याने होऊ शकतं. आधी मूत्रपिंडं कशी आहेत ते बघू या. आजच दाखल करायचंय. गोळ्या आत्तापासून सगळ्या बंद, मी सांगेपर्यंत."

मुलाने खुर्चीचा हात घट्ट धरला. छोटी रडायला लागली. तिला गप्प कोणी करावं, हे कुणालाच कळेना, तेव्हा घड्याळजींनीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, तू आणलीस म्हणून नाही. मी नाही म्हणालो नाही म्हणून."

बाई तेवढ्यात माझा तळ चाचपत होत्या. पावडरीखालून त्यांनी चोविसावी डबी काढली. काचेतून आत लाल दिसत होतं. त्यांनी झाकण उघडलं. डबी जवळजवळ भरलेली होती.

"ही कुणी घेतली नाही?"

"ती फार बारीक आहे," घड्याळजी म्हणाले.

"आजोबा, मुंग्यांसाठी यातली एकच गोळी होती. हीच. बाकी सगळ्या घेतल्यात आणि ही ठेवलीत."

घड्याळजींनी हात पुढे केला. बाईंनी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी सवयीने खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि त्या गोळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटलं, त्यांची नजर कमी झाली असावी. मला माहीत होतं, त्यांना ते नऊ हजार वेळा ऐकवलेलं वाक्य आठवत होतं. शेवटी त्यांनी भिंग उतरवलं.

"महाशय," ते गोळीला म्हणाले, एवढंच.

सहा दिवस ते दवाखान्यात होते. सलाईन लागली. मूत्रपिंडं थोडी दमली होती, पण थोडक्यात निभावलं. एक तारीख त्या सहा दिवसांतच येऊन गेली. चष्मेवाला फुलांऐवजी चष्म्याचं नवं घर घेऊन भेटायला आला, आणि चावीबद्दल चकार शब्द न काढता गेला. दारात मात्र मुलाला म्हणाला, "भिंत कुठे पळून जात नाही, सांग काकांना."

मग सगळी उलटी गंगा सुरू झाली. ज्या बाटल्या आल्या होत्या त्या एकेक करून परत गेल्या. ज्या परत घेईना कुणी, त्या दवाखान्यात दिल्या, नाल्यात नाही. छोटीने बागेत काय सांगितलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या आठवड्यात दोन बायका आपापल्या पिशव्या घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दारात बसल्या होत्या, असं सून सांगत होती. बाईंनी एकीला दोन गोळ्या चालू ठेवल्या, दुसरीच्या सगळ्या बंद केल्या. म्हणजे बघा, एकीला जे लागतं ते दुसरीला लागेलच असं नाही. हे बागेतल्या बाकावर बसून ठरत नाही आणि डब्याच्या पोटातही ठरत नाही.

घड्याळजींची लाल गोळी महिन्याभराने पुन्हा सुरू झाली. रोज एक. सुनेने डबीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली, टपालातल्या पत्त्यासारख्या ठळक अक्षरांत, गोळीचं नाव, रोज एक, सकाळी, कधीपर्यंत, कुणी सांगितलं. घड्याळजी चिठ्ठीकडे बघून म्हणाले, "काच झाकली गेली की. आतलं दिसणार कसं?"

"आतलं दिसतं म्हणूनच तर घोळ झाला, बाबा," ती म्हणाली. "आता वाचायचं."

बोटं सावकाश परत आली. आधी अंगठा, मग मधलं बोट. करंगळी अजून झोपलेलीच आहे, ती बहुधा तशीच राहील. मनगटावरची बारीक घड्याळं ते आता घेत नाहीत. "भिंतीवरची आणा," म्हणतात. तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्यांनी लंबकाच्या घड्याळाला चावी दिली, आणि मग मला हाताखाली घेऊन बाहेर पडले. माझ्या पोटातल्या तेवीस डब्या रिकाम्या होत्या. चोविसावीतल्या लाल गोळ्या तेवढ्या खुळखुळत होत्या. कुठे चाललोय ते मला पहिल्या वळणावरच कळलं. मित्रांनो, मी गंजलेला म्हातारा, पण त्या वळणावर माझा पत्रा इतका चमकला की एका रिक्षावाल्याने डोळ्यांवर हात घेतला.

दुकान उघडलं. मेज, दिवा, धूळ. घड्याळजींनी काचेची बरणी घेतली आणि सगळे स्क्रू मेजावर ओतले. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला.

"काका, चावीचं काय करू या मग?"

"थांब जरा," घड्याळजी म्हणाले. त्यांनी एक स्क्रू चिमटीत धरला. भिंग लावलं नाही. डोळे मिटले. रस्त्यावरचे आवाज सगळे माझ्या कानावर आले, एवढं ते दुकान शांत झालं. मग त्यांनी तो स्क्रू सातव्या डबीत टाकला.

टिंग.

बरोबर आवाज होता. सातव्याचाच. चाळीस वर्षं ऐकलेला.

"तुझ्या चष्म्यांना भिंत लागते," घड्याळजी म्हणाले. "राहू दे ती."

चष्मेवाला हसला आणि आपल्या दुकानात गेला. घड्याळजींनी दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस डब्या लावल्या. तेवीस मापाने. चोविसावी चिठ्ठीने, आणि तीही तळाशी नाही, दिव्याखाली, रोज सकाळी पहिला हात जिथे पडतो तिथे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. कपाटात, फ्रिजवर, उशाशी. त्याचं झाकण लागतंय का, एकदा बघा. लागत नसेल तर त्याच्यावर रागावू नका, त्याला दाबू नका, रबर तर मुळीच लावू नका. त्याला उचला, घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि आत काय आहे ते एकेक वाचून घ्या. आम्ही डबे जे द्याल ते मुकाट्याने सांभाळतो. चूक असलं तरी सांभाळतो. आमचा तो स्वभावच आहे, आणि वैतागही.

संध्याकाळी घड्याळजींनी दिवा मालवला, माझं झाकण उचललं आणि एका बोटाने, त्याच मधल्या बोटाने, हलकेच दाबलं.

टक्.